आजीवन

एल्विना स्कारस्टॅडने पिस्तूल आणलं
बुटांच्या खोक्यातून, लिव्हिंग्स्टनहून, बर्फातून.
सोबत एक्याण्णव सालची पावती,
शाई उडालेली, नवऱ्याच्या नावाची.

दुसरी गोळी अडकते, म्हणाली.
खरंच. रिकामं काडतूस बाहेर पडता पडता
मधेच उभं राहतं,
निघतो निघतो म्हणत
दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखं.

स्प्रिंग बदलली, खाच घासली. अडकतंच.
कंपनीला लिहिलं.
सोळा दिवसांनी उत्तर:
हमी आजीवन आहे,
पण मूळ खरेदीदाराच्या.
शिवाय काडतुसं घरी भरलेली दिसतात.

दिसतात खरी. बर्नेलच भरायचा,
जेवणाच्या टेबलावर, हिवाळाभर.
दारू तोलताना तिला बोलू द्यायचा नाही.

पत्र तिने दोनदा वाचलं. चष्मा पुसला.
"म्हणजे तो गेल्याचं यांना कळलंय.
पेन्शनवाल्यांना अजून कळवायचंय."

मग म्हणाली, राहू दे.
कोयोटी पहिल्या आवाजालाच पळतात,
दुसरी लागतेय कुणाला?

मग आणलंत कशाला, हे मी विचारलं नाही.
पावती परत घडीवर घडी घातली,
खोक्याला दोरी बांधून दिली.