परस्पर

बेळगाव कोर्टाच्या आवारात
नोटरीच्या छत्रीला लागून माझं टेबल.
अर्ज कन्नडात, समजूत मराठीत,
इंग्रजीत फक्त सही कुठं ते बोटानं दाखवायचं.

भरमाक्का हलगेकर बेळगुंदीच्या पहिल्या बसनं आली.
पिशवीत रताळी, रताळ्यांखाली सोळा पानं:
दोन मित्रदेशांचा करार, आणि त्यात तिचा सातेरी.
उद्यमबागेत मोल्डर होता,
मग समुद्रापलीकडं भट्टीवर मुकादम.
भट्टी फुटली. तिथली दोन माणसं गेली.
तो रजेवर आला की पळून आला
हे पान सातवर एका ओळीत ठरून गेलंय.

मी वाचत गेलो. कलम चार: परस्पर.
म्हणजे त्यांनी मागितला तर आपण द्यायचा,
आपण मागितला तर त्यांनी.

"परस्पर म्हंजे न विचारताच की ओ," ती म्हणाली.
"दिरानं परस्पर म्हैस विकली, तसं.
माझ्या पोराला परस्पर नेऊलालेत."

मला आठवला मीच टाइप केलेला दुसरा अर्ज.
त्यांचा इंजिनिअर. 'बॉयलर ठीक' अशी सही करून
सांबऱ्याहून विमानात बसला,
आणि चौथ्या दिवशी आमची तीन पोरं.
नऊ वर्षांत एकच उत्तर आलं:
पुरावा अपुरा. शिवाय तुमच्या तुरुंगात उकडतं.

सातेरीची फाइल चाळीस दिवसांत इथवर पोचली.
मैत्रीलाही उतार असतो.

हे तिला सांगावं की गिळावं,
तोवर तिनंच विचारलं,
"त्या मेलेल्या दोघांची नावं काय ओ?"
पान अकरा. मी वाचली, अडखळत.
तिनं दोनदा म्हणून पाहिली, दोन्ही वेळा चुकली.
"त्यांच्या आयांना कोण वाचून दाखवूलालाय?"

कन्नडातही तोच शब्द आहे.
पण तिथं त्याला एकच, शहाणा अर्थ.
नोटीस पोचल्याची सही कोर्टाला त्याच प्रतीवर लागते.
"इथं," मी बोट ठेवलं.

तिनं मराठी प्रत ओढून घेतली
आणि कलम चारच्या शेजारी, समासात,
स्वतःचं अख्खं नाव लिहिलं, काना-मात्रेसकट.

ती प्रत कुणी दाखल करून घेत नाही.
घडी घालून तिनं ती पिशवीत ठेवली.
रताळी माझ्या टेबलावर,
माती अजून ओली.