लाभ

माप भरताना बाबा कधी ‘एक’ म्हणायचे नाहीत.
‘लाभ’ म्हणायचे.
मग दोन, मग तीन.
वैनगंगेच्या या काठाला सगळेच मापारी असं मोजत,
त्यात काही विशेष नव्हतं.

त्या वर्षी बल्लारशाच्या टेशनावरून ट्रक आले.
आधी वाटलं, बांबूचे असतील.
पण बांबू उभा राहून आपल्याकडं बघत नाही.

तलावाच्या पल्याड टिनाची छपरं पडली.
गुरुजींनी शाळेत दाखवलं, कुठून आले:
बोट सरकत सरकत
नकाशा संपेस्तोवर गेलं.
लढाई, म्हणाले. तिकडं लढाई आहे.
सुटी झाल्यावर आम्ही नकाशाला कान लावून पाहिला.

तहसिलीतून टाइप केलेला हुकूम आला होता:
माणशी इतके तांदूळ, पोरामागं इतके,
पाच जणांत एक कांबळं,
आणि माप सपाट.
‘सपाट’खाली रेघ.
बाबांना वाचता येत नव्हतं,
पण रेघ समजली.

पहिल्या दिवशी रांगेत पुढं हरिपद मंडल.
पोतं नाही, भांडं नाही,
धोतराचा सोगाच पुढं धरलेला.
बाबांनी पायली ओतली. ‘लाभ.’
म्हातारा थबकला.
‘लाभ?’
त्याच्याही भाषेत तो शब्द होता,
तोच, त्याच अर्थाचा.
मग तो हसायला लागला.
ते बोळकं हसू थांबेचना,
रांग खोळंबली, बोरकुटे कारकून खेकसला.
थोरली सून नदीत गेली,
बैल दावणीलाच राहिले,
सोग्यात पायलीभर तांदूळ,
आणि समोरचा माणूस म्हणतो, लाभ.

बाबांना वाटलं, आपलंच काही चुकलं.
पुढच्या माणसाला ‘एक’ म्हणून पाहिलं.
जीभ वळेना.

माप सपाट करायची पट्टी मात्र
दुसऱ्या दिवसापासून सापडली नाही.
पायली शीग लावून जाऊ लागली.
महिनाअखेर गोदामात पावणेदोन पोत्यांची तूट.
आई म्हणाली, ‘आपल्या ढोलीले बूड नाही का जी?’
बाबा गप्प.
तिनंच मग दाभण घेतलं,
आमच्या तांदळाचं पोतं शिवलं, दातांनी सुतळी तोडली.
राग खरा होता. पोतंही.

सगळं गाव काही असं नव्हतं.
मुखरू मेश्रामनं मासोळीवरून भांडण काढलं,
मंडलाच्या नातवाचं जाळं टरकावलं.
आठ दिवसांनी त्याच पोराजवळ बसून
जाळ्याची नवी गाठ शिकला
आणि जन्मभर कोणाला बोलला नाही.
मी पाळीवर होते, म्हणून माहीत.

पाळीवरच शेफाली भेटली.
आम्ही चिंचोके जुळवावे तसे शब्द जुळवायचो.
हात. हात.
नाक. नाक.
कान जुळला, भात जुळला,
खेळ मोडू नये म्हणून मासा नि माछही चालवून घेतले.
मग मी आमच्या कवेलूंकडं बोट केलं:
घर.
ती म्हणाली, घोर.
घर, गं.
घोर, म्हणाली, आणि तिचं बोट
तलाव, टिनं, सागाचं रान ओलांडून
पलीकडं कुठंतरी.
आमच्यात घोर म्हणजे
रात्री आईच्या जिवाला लागतो तो.
मी म्हटलं, चुकलं तुझं.
चिंचोका परत घेतला.

आता तिकडं सात नंबर नावाचं गाव आहे.
हुकुमातला आकडा, तोच नाव होऊन बसला.
परवा शेफालीकडं गेले तर
अंगणात तिची सून वाट्याचं धान मोजत होती.
पायली आमच्या बाबांची.
तिकडं कशी गेली कोण जाणे,
काठाच्या पोच्यावरून ओळखली.

सुनेनं पहिलं माप भरलं, वर शीग लावली.
मी पदर सावरून कान देऊन बसले.
तेवढ्यात मोबाइल वाजला.
तिनं तो कान नि खांद्यात दाबला,
माप ओतलं,
दुसरं भरलं.
‘दुई,’ म्हणाली. ‘तीन.’