किती पुरुष पाणी

मुहूर्ताला अजून दीड तास होता
आणि हॉलमधले सगळे पंखे मावश्यांनी आधीच धरले होते,
म्हणून मी बाहेर पडले.
शेजारी, उसाच्या फडाला लागून, लोखंडी कमान:
नौसैनिक स्मृतिस्थळ. प्रवेश मोफत.
इथं, शिरोळ तालुक्यात. समुद्र इथून घाट उतरून,
जेवण बांधून घ्यावं इतका लांब.

चप्पल काढायला वाकले, तर आतून आवाज आला:
"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. देऊळ न्हवं हे."
हिंदुराव भोपळे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर
एकतीस वर्षं. आरमारात एक दिवसही नाही.

"एकाहत्तर साल. डिसेंबर. जहाज असं निघालं..."
भिंतीवरच्या निळ्या रंगावरून काठी फिरते,
आणि जिथून रोज फिरते तिथला रंग उडून
पांढरी वाट पडलीय.
"आन् हितं लागलं."
तिथं तर भिंतीला खड्डाच आहे.

मग पत्र्याची खोली. इंजिनाची, खऱ्या मापाची.
"चार माणसं उभी ऱ्हायची हितं. या की आत."
मी पैठणीचे काठ सावरत आत. त्यांनी दार ओढलं.
दिवा घालवायचा असतो या ठिकाणी, एक मिनिट,
पण लाइट गावातच गेली होती.
"बरं झालं," ते बाहेरून म्हणाले, "खरं वाटतं."
पत्र्याला कान लागला तर
हॉलमधला बँड ऐकू येत होता,
फार खालून, म्हणजे
मीच खाली असल्यासारखा.

बाहेर नांगर. कुठल्या तरी भंगारात काढलेल्या बोटीचा,
त्या जहाजाचा नाही, हे ते आपण होऊन सांगतात.
बसवल्यापासून कोरडा. वर्षाला एकदा काळा रंग.
"एकोणीसच्या पुरात पहिल्यांदा भिजला.
कृष्णामाई आली ती हितंवर," आणि काठी
शिळेवर टेकते, खालून चौथ्या नावाला.
अकरा नावं. तायाप्पा कांबळे, इलाही मुजावर...
पाणी उतरल्यावर अक्षरांत गाळ बसला होता.
दात घासायच्या ब्रशनं काढला, म्हणाले, तीन दिवस.
काना, मात्रा, वेलांटी.
मुजावरच्या 'जा'त अजून थोडा आहे, तांबूस. मी पाहिला.

आणि मग, काठी काखेत मारून,
जे बहुधा सगळ्यांना सांगत नसावेत ते:
"कलगोंडाची आई यायची. अक्काताई.
समुद्र बघितल्याला न्हाई. मला इचारलं,
हिंदुराव, किती पुरुष पाणी असंल तितं?"

विहिरीला विचारतात तसं.
आमच्याकडं पाणी माणसांतच मोजतात,
एकाच्या डोक्यावर दुसरा उभा करून.

"साहेब लोक मीटरात सांगत्यात. ऐंशी मीटर.
मी काट्यावरचा माणूस, मला हिशेब येतो.
कारखान्याच्या पावतीमागं मांडला.
शेहेचाळीस पुरुष, अक्काताई.
ती कायबी बोलली न्हाई. शिळंकडं बघत बसली. मग म्हणाली,
आपली अकराच हुती की रं.
पस्तीस कमी पडली."

बँड थांबला होता. कुणीतरी माइकवर
नवरीच्या मामांना लवकर येण्याची विनंती करत होतं.
हिंदुरावांनी काठी कोपऱ्यात ठेवली, जागच्या जागी,
तिच्या बुडाचा गोल डाग होता फरशीवर.

"सही करा की वहीत. नाव, गाव, अभिप्राय."
पेनाला सुतळी. मागचा अभिप्राय तीन आठवड्यांपूर्वीचा,
कुठल्याशा हायस्कूलच्या सहलीतला, गोल गोल अक्षरात:
'माहिती चांगली मिळाली. पिण्याच्या पाण्याची सोय करावी.'

मी नाव लिहिलं. गाव लिहिलं.
बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली, मला पळायचं होतं,
आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन तसंच धरून
पायाखालच्या कोरड्या फरशीकडं बघत राहिले
कितीतरी वेळ.

शेवटी लिहिलं: वरीलप्रमाणे.