प्रश्न अकरावा

फॉर्मवर छापलं होतं :
मोबाइलवरून पैसे न घेण्याचे कारण.
पर्याय चार, खूण एकच.
नेटवर्क नाही. माहिती नाही.
फसवणुकीची भीती. गरज वाटत नाही.

बडोद्यात, नवाबाजारच्या तोंडाशी
बांगडीवाल्याच्या ओट्यावर कुमुदबेन शिर्के
फॉल-पिको करतात.
आडनाव आपलं, हाक गुजराती,
मान दोन्ही भाषांत मशीनवर वाकलेली.

शेजारच्या गल्ल्यावरचा डबा सारखा ओरडत होता.
चालीस रुपिया मळ्या. दीडशे. वीस.
"ऐकलंस?" त्या म्हणाल्या,
"त्याचं किती झालं ते अख्ख्या बाजाराला ठाऊक."

मी पेन्सिल 'भीती'वर नेली.
"ए, भीती नको लिहूस.
गॅस मी नोंदवते फोनवर,
जावेच्या मुलीची फी मीच भरली."
पेन्सिल 'माहिती नाही'वरूनही उचलली.

तेवढ्यात एक मुलगी साडी न्यायला आली.
काकी, स्कॅन?
नाही गं.
सुट्टे नाहीत माझ्याकडे.
मग उद्या दे.
साठ रुपये वहीत गेले,
आधीच्या सगळ्या उद्यांच्या खाली.

दातांनी दोरा तोडून मग त्या बोलल्या :
खातं दोघांचं. नंबर त्यांचा.
मी इथे साठ घेतले
की मांजलपूरच्या रिक्षा स्टँडवर
त्यांच्या खिशात टिंग वाजणार.
विचारत नाहीत हो काही.
जेवताना फक्त म्हणतात,
आज सातशे वीस ना?

माणूस वाईट नाही, हं.

रिळांच्या डब्यात, तळाला, राणी रंगाच्या खाली
नोटांची सुरळी होती.
तिच्यात बहिणीची औषधं, भिशीचा हप्ता,
आणि शुक्रवारी दुपारी
एकटीने खाल्लेली सेवउसळ, जास्तीच्या तरीची.

पाचवा पर्याय नव्हता. मी समासात लिहिलं.
सर म्हणाले, समास मोजता येत नाही,
'गरज वाटत नाही' धरा.
धरलं.

डिसेंबरात आईची साडी घेऊन गेले.
मशीनच्या टेबलाला, आतल्या बाजूने,
वाकल्याशिवाय दिसणार नाही असा
काळापांढरा चौकोन चिकटवलेला.
मी बघतच राहिले.
बँकेच्या शिबिरातला टायवाला नाही,
बसस्टँडवरची जाहिरात नाही;
बांगडीवाल्याची सून एका दुपारी
दुकान अर्धं ओढून
त्यांच्याबरोबर पोस्टात बसली होती.
नवं खातं. नवं सिम.
"डबा देत होते फुकट. नको म्हटलं."

मी साठ पाठवले.
रिळांच्या डब्यात, राणी रंगाच्या खाली
काहीतरी उजळलं, विझलं.
त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.
पदराचा कोपरा आला होता,
तिथे सुई सावकाश न्यावी लागते.