सुई पंधरावर

रुफिनोने ही प्लिमथ पाव मैलासाठी बांधली होती.
पाव मैल. त्यापुढे रस्ता असतो
याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.
चारशे चाळीसचं इंजिन, बॉनेट कापून बसवलेलं नाकाड,
मागे चार-दहाचे गिअर,
आणि गॅलनला आठ मैल, तेही उतारावर.

ट्रिनिडॅडपासून त्याच्या तुरुंगाचं फाटक पावणेतीनशे मैल.
महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी.
पहिल्या खेपेला जातानाच तीनदा पेट्रोल भरलं.
लायमनला पंपावरची बाई म्हणाली,
"ही पिते की सांडते?"
आईने त्याच्या खात्यात भरायला दिलेले चाळीस डॉलर
परतीच्या वाटेवर हिच्या घशात गेले.

त्या रात्री पाना हातात घेतला.

आधी मागचे गिअर. ला हुंटाच्या भंगारातून तीन-तेवीसचे आणले,
एका पोलीसगाडीतून काढलेले
(हे रुफिनोला कधी सांगणार नाही).
मग कार्ब्युरेटरचे जेट, एक नंबर खाली, मग आणखी एक.
दर वेळी प्लग काढून बघायचा,
वैद्य जीभ बघतो तसा:
काळा म्हणजे उधळपट्टी, पांढरा म्हणजे उपासमार,
आईच्या तव्यावरच्या मक्याच्या रोटीचा रंग आला
की हात आवरायचा.

नाकाड उतरवताना मात्र हात अडला.
सोळाव्या वर्षी त्याने ते स्वतः ठोकलं होतं,
आतल्या बाजूला अजून त्याच्या हातोडीचे पोचे आहेत.
वाऱ्याला मात्र पोचे कळत नाहीत.
रिव्हेट मारून सपाट पत्रा बसवला.

आता उरला माझा उजवा पाय.
डॅशवर व्हॅक्युमची सुई, ती पंधराच्या खाली जाऊ द्यायची नाही,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं
तितकाच दाब.
ऑर्डवेला सिग्नलवर पिकअपमधल्या पोरांनी इंजिन रेमटवलं,
एकाने खिडकीतून बोट नाचवलं.
जाऊ दिलं.
कानाच्या पाळ्या तापल्या, खोटं कशाला बोलू.
पुढे गुरांचा एक ट्रक भेटला. वास सोसला
तर त्याच्या आडोशाने मैलभर जास्त मिळतो.
सोसला.

काचेपलीकडे तो फोन उचलतो
आणि आईच्या आधी हिची चौकशी करतो.
"आवाज कसाय?"
"गुरगुरते," मी म्हणायचो. चार महिने हेच.
पाचव्या महिन्यात तो माझ्याकडे बघतच राहिला.
"आज तू पैशांचं रडगाणं गायला नाहीस," म्हणाला.
"किती देते?"

"पंधरा." मग, जरा दमाने,
"वारा पडला असला तर सोळा."

मी शिवीची वाट बघत बसलो.
त्याने फोन या कानावरून त्या कानाला नेला.
काचेवर बोटाने एक गोल काढला,
गोलाच्या कडेला एक छोटी डबी.
"डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम अॅडव्हान्स मी काढून टाकला होता.
शर्यतीत लागत नाही. फेकला नव्हता मात्र.
शिवणयंत्राखाली निळा डबा आहे, त्यात बघ.
आतला पडदा फाटला नसेल तर लाव.
सतरा देईल."

भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं होती.
पहारेकऱ्याने दोन बोटं वर केली.

"आणि नाकाड?"
"काढलं."
"विकलंस?"
"माझ्या पलंगाखाली आहे."
तो थोडा वेळ काचेवरच्या बोटाच्या ठशाकडे बघत होता.
"आतून गंज धरेल," म्हणाला.
"तेलाचा हात फिरवत जा."