हॉलिडे

सोहारला समुद्राचं पाणी गोडं करतात, तिथे मी अस्तर तपासतो.
पाइप बाहेरून कसाही असो,
भरवसा आतल्या लेपाचा.
हातात पितळी ब्रश, ब्रशात वीज.
लेपाला टाचणीएवढं भोक असेल
तिथे ठिणगी उडते, भोंगा ओरडतो.
अशा भोकाला आमच्या धंद्यात हॉलिडे म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुरुनाथ पोट धरून हसला,
"कुबल, पाइपाला मिळते रे, आपल्यालाच नाही."

गुरुनाथ फेब्रुवारीत गेला,
कंपनीच्या बसची वाट बघत, डबा मांडीवर.
म्हणून आता चाळिशीवरच्या सगळ्यांची तपासणी.

बुथैना दंडाला पट्टा आवळते. पाच मिनिटं, म्हणते.
तिचं हिंदी सिनेमातलं, माझ्याहून बरं.
पडद्यावर माझी धमनी:
दोन रेघा, मधे काळोख.
"आत अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं.
रक्त घासून गेलं की त्याला कळतं,
मग ते बाहेरच्या स्नायूला सांगतं, सैल हो."

सांगतं?
अठरा वर्षांत माझा एकही लेप बोलला नाही.
त्यानं लोखंड आणि पाणी वेगळं ठेवायचं, बस.

पट्टा सुटला.
बोटांत मुंग्या, कोपरापासून ऊब खाली धावली,
आणि आम्ही दोघं त्या दोन रेघांकडे बघत राहिलो,
दार उघडतंय का म्हणून.

"किती?"
"दोन टक्के."
"किती हवं?"
ती दंडावरचं जेल पुसत राहिली.
"सात असतं तर बरं."

मग विचारलं: सिगारेट? रात्रपाळी? साखर?
मला दिसला कॅन्टीनचा करक चहा,
डब्यातलं घट्ट दूध, दिवसाला सहा कप,
आणि प्रत्येक कपाबरोबर बाहेर,
सावलीच्या पट्टीत, दोन काड्यांत पेटणारी एक.
"खरवडलं तर शेजारच्या पेशी पसरून झाकतात," ती म्हणाली,
"पण त्यांनाही वेळ द्यावा लागतो."

आदल्या रात्री गुरुनाथनं सोड्याची पुडी मागितली होती.
गॅस धरलाय म्हणाला, इथे, असा.
मी दिली. पाणीही दिलं.
कुठेच काही ओरडलं नाही.

आज बाराव्या पाइपात ठिणगी उडाली.
खडूनं गोल केला, तारीख टाकली,
आणि रिकामा हात
उगाच थोडा वेळ
त्या गोलावर तसाच ठेवला.