शीटच्या कडेपलीकडे

एकतीस वर्षं मी बेलापूरच्या ऑफिसात
दुसऱ्यांनी चालून आणलेली जमीन शाईने गिरवली.
ट्रेसिंग कापड, पॉइंट तीनची निब,
मनगटाखाली पावडर, घाम शीटवर उतरू नये म्हणून.
सर्व्हेवाले जीपने जायचे,
गुडघाभर चिखल घेऊन परत यायचे, म्हणायचे,
‘मढवीबाई, इथला एक नाला सुटला बघा.’
मी नाला काढून द्यायचे.
ओला की कोरडा, विचारलं नाही कधी.

आता नेरूळला तिसरा मजला, लिफ्ट बंद,
डावा गुडघा पायरीपायरीला हजेरी घेतो.
भाचा ओजस बेंगळुरूला गेला
आणि त्याचा निळ्या दिव्यांचा कॉम्प्युटर
‘मावशी, अधूनमधून चालू कर, नाहीतर बिघडेल’ म्हणत
माझ्याकडे ठेवून गेला.
मी चालू केला.
अधूनमधून नाही.

त्यात एक मुलूख आहे.
शिरताना विचारतात, कोण होणार?
योद्धा, मांत्रिक, वैद्य, धनुर्धारी.
नकाशेवाली नव्हती यादीत.
धनुर्धारी झाले. भात्यात अजून
पहिल्या दिवशीचे चाळीसच्या चाळीस बाण.
नाव विचारलं तर टाइप केलं: पायपीट.

आणि नकाशा उघडला तर काय,
सगळा काळा!
बाई गं, तो काळा बघून जे झालं मला.
पाऊल पडेल तेवढाच उजळतो तो,
टेकडी चढलं की टेकडी,
ओढ्यात उतरलं की ओढा, काठच्या दगडांसकट.
आधी पाय, मग रेघ.
मी जन्मभर उलटं केलं होतं.

रात्री अकराला, भांडी पालथी घातली की
टोळी भेटते:
अमरावतीचा फार्मसीवाला, कुडाळची एक पोरगी
आणि ‘खवळलेला खेकडा’, जो गाव सांगत नाही.
त्यांना राक्षस हवे असतात, तलवारी, सोनं.
मी म्हणते, व्हा पुढे.
तासाभराने हाक येतेच,
‘पायपीट, खिंड कुठाय रे?’
मी लिहिते, वठलेल्या झाडामागे, डाव्या अंगाला,
दीडशे पावलं, मधे उंबरठ्याएवढा दगड आहे, आपटाल.
‘भावा, तू खतरनाक आहेस.’
माइक मी लावत नाही.
भाऊ तर भाऊ.

परवा नैऋत्येची कड गाठली.
तिथे राक्षस नाही, खजिन्याची पेटी नाही,
नुसती सपाटी,
चौकोन चौकोन पाणी, मधे बांध,
एका बांधावर कुणी टेकवून ठेवलेली लाकडी फळी.
मी खुर्चीत सरळ झाले.
करावे गावाखालचं आमच्या बाबांचं मिठागर
मीच कापलं होतं शाईने. साठ फुटी रस्ता,
सेक्टरचा आकडा स्टेन्सिलने नीट मधोमध.
अक्षर चांगलं आलं म्हणून साहेब खूश.

इथे रस्ता नव्हता.
चालले बांधावरून, हळू, एका पावलाएवढाच बांध,
दोन्ही अंगांना आभाळ.
आणि कोपऱ्यात, जिथे कुणाचं काही काम नाही,
बोटभर रुंदीचा एक नाला,
वाहता.
कुठल्या ऑफिसात, कुठल्या दिव्याखाली
कुणी काढला असेल,
कधी तिथे पाय न ठेवता,
हा उगाचचा नाला, न विसरता?
अगं किंवा अरे, जे असशील ते,
आलंय कुणीतरी.
ओला आहे.

टोळीला बोलावलं.
धावत आले, तलवारी उपसून,
‘कुठाय? काय मारायचंय?’
काही नाही, लिहिलं, बघा.
कुडाळची बराच वेळ बांधावर उभी राहिली.
खेकडा मात्र पहिल्याच चौकोनात उडी टाकून
गोल गोल पळत सुटला,
छप छप छप छप,
मला स्पीकरचा आवाज कमी करावा लागला,
खालचे कुलकर्णी जागे होतील.

पहाटेचे सव्वातीन.
गुडघा शेकायचा राहिला.
उद्या ईशान्य.